खांद्यावरचा ट्रायपॉड

*ताई, मी सत्तावीस वर्षांची आहे, कॉम्प्युटर व्हिजनमध्ये काम करते. गेली तीन वर्षं आमची टीम पुरात, भूकंपात अडकलेली माणसं ड्रोनच्या चित्रणातून शोधणारं सॉफ्टवेअर बनवत होती. आता कंपनीला संरक्षण खात्याचं काम मिळालंय. मॉडेल तेच, पण शोधायचं आहे ‘लक्ष्य’. माणसाजवळ शस्त्र दिसलं की त्याच्याभोवतीची चौकट लाल होते. मागच्या आठवड्यात चाचणीची एक क्लिप पाहिली. एक माणूस जमीन मोजायचा ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालला होता. चौकट लाल झाली, वर आकडा ०.८७. सगळे म्हणाले, पुढच्या व्हर्जनमध्ये सुधारेल. मॅनेजर म्हणतात, शेवटी बटण माणूसच दाबणार आहे, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. आई म्हणते, यंत्र पुढे गेलं तर तो मागे राहील, यात वाईट काय? मला झोप लागत नाही. असं यंत्र खरंच कधी बरोबर ओळखू शकेल का? आणि ओळखू शकलं, तरी मी ते बनवावं का? दोन आठवड्यांत मला हो की नाही ते सांगायचंय.*

आधी त्या ०.८७ बद्दल बोलू. तुझी झोप त्या आकड्याने उडवली आहे, आणि उडवली ते बरंच झालं.

तुला हे ठाऊक आहे, पण मीटिंगमध्ये कुणी मोठ्याने म्हणत नाही म्हणून लिहिते. ०.८७ म्हणजे ‘हा माणूस शस्त्रधारी असण्याची शक्यता ८७ टक्के’ असं नाही. मॉडेल ज्या चित्रांवर शिकलं, त्यांच्याशी समोरचं चित्र कितपत जुळतं, एवढंच तो आकडा सांगतो. खांद्यावर लांब, काळपट, तिरकी वस्तू घेतलेली माणसं त्याने शिकताना पाहिली असणार आणि त्यातल्या बहुतेकांच्या खांद्यावर रॉकेट लाँचर असणार. जमीन मोजणारा माणूस त्याला कुणी दाखवलाच नाही. म्हणून चुकताना ते चाचरलंही नाही. कधीच न पाहिलेली गोष्ट समोर आली की माणूस निदान थबकतो. ही मॉडेलं ठामपणे चुकतात.

आणखी एक गोष्ट तपासून बघ. बचावाच्या कामात तुम्ही उंबरठा, म्हणजे कितव्या आकड्यापासून ‘माणूस सापडला’ म्हणायचं ती मर्यादा, मुद्दाम खाली ठेवला असणार. ढिगाऱ्याखालचा एकही जीव सुटायला नको, मग त्यापायी दहा दगड माणसं म्हणून दाखवले गेले तरी चालेल. तिथे ते योग्यच होतं, कारण चुकीची किंमत म्हणजे बचावपथकाची एक वाया गेलेली फेरी. तेच मॉडेल, त्याच सवयींसकट, आता नव्या कामाला जुंपलं आहे. ‘कुणी सुटायला नको’ हे वाक्य तिथे दयेचं होतं. इथे त्याचा अर्थ काय होतो, ते तूच वाचून बघ.

एक हिशेब कागदावर मांड. एखाद्या वस्तीत हजार माणसं आहेत, त्यातली पाच सशस्त्र. तुमचं मॉडेल ९९ टक्के अचूक आहे असं धरू. पाचही जण सापडले. उरलेल्या ९९५ जणांत एक टक्का चूक, म्हणजे सुमारे दहा जणांभोवती लाल चौकट आली. एकूण पंधरा चौकटी, त्यातल्या दहा निरपराध माणसांच्या. ९९ टक्के अचूक म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राची ही गोष्ट. अचूकता ९९.९ वर नेली तरी पाचांमागे एक निरपराध उरतो. हे सगळं स्वच्छ उजेडात. धूर, धूळ, संध्याकाळची उन्हं आणि आपल्याला फसवायला टपलेला शत्रू यांचा हिशेब अजून केलेलाच नाही.

मग असं यंत्र शक्यच नाही का? तसं म्हणाले तर मी तुझी फसवणूक करेन, कारण काही ठिकाणी ते आधीच आहे. १९८० पासून युद्धनौकांवर फॅलॅन्क्स नावाची तोफ आहे. येणारं क्षेपणास्त्र ती स्वतःच्या रडारवर पकडते आणि ऑटोमॅटिकवर ठेवली असेल तर कुणाला न विचारता मिनिटाला हजारो गोळ्यांच्या वेगाने झाडायला लागते. इस्रायलचं हार्पी हे ड्रोन हवेत तासन्‌तास घिरट्या घालतं आणि शत्रूच्या रडारचा सिग्नल मिळाला की त्यावर जाऊन आदळतं. ही यंत्रं चालतात, कारण त्यांना जे शोधायचं आहे त्याची खूण भौतिक आहे. समुद्रावरून प्रचंड वेगाने जहाजाच्या रोखाने येणारी वस्तू दुसरी काही असण्याचा संभव कमी. रडार स्वतःच ओरडून आपली जागा सांगतं.

माणूस शत्रू असल्याची अशी खूण कोणती? बंदूक म्हणशील, तर राखणदाराकडेही बंदूक असते. शिवाय युद्धाचे नियम हातात काय आहे एवढंच विचारत नाहीत, तो माणूस काय करतो आहे हेही विचारतात. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलप्रमाणे शरण येणाऱ्यावर किंवा जखमी होऊन लढायला असमर्थ झालेल्यावर हल्ला करता येत नाही. हात वर केलेला माणूस आणि हातबॉम्ब फेकायला हात उचललेला माणूस, एका फ्रेममध्ये दोघांची चौकट सारखीच. त्यापुढचा नियम आणखी अवघड: लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार होता कामा नये. याचं लेबल कोण लावणार? तुमच्या ट्रेनिंग डेटात असा रकानाच नसतो. माणसांनाही हे नेहमी जमत नाही, पण त्यांना निदान प्रश्न कळतो.

आता तुझ्या मॅनेजरच्या बटणाकडे येऊ. इथे मला माझं जुनं काम आठवतं. बावीस वर्षं मी कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये धोक्याचे इशारे देणाऱ्या यंत्रणा बसवल्या. एका रासायनिक कारखान्यात रात्रपाळीला मी ऑपरेटरच्या शेजारी तासभर बसले होते. इशारा वाजला की त्याने तो पाहायचा आणि ‘पाहिला’ हे बटण दाबायचं, अशी पद्धत. इशारे इतके येत होते की त्याचं बोट त्या बटणावरून उठतच नव्हतं. नजर समोरच्या रजिस्टरवर. त्या बटणावरची अक्षरं झिजून गुळगुळीत झाली होती. शेजारचं ‘थांबवा’चं बटण मात्र कोरं करकरीत, त्यावरची प्लास्टिकची पातळ पट्टीसुद्धा कुणी काढली नव्हती. दोन महिन्यांनी एक खरा इशारा आला आणि तोही त्याच बोटाखालून निघून गेला. टाकी भरून वाहिली, एका कामगाराचे दोन्ही पाय भाजले. चौकशीत ऑपरेटर दोषी ठरला. यंत्रणा माझी होती. कागदोपत्री माझं काम चोख होतं, आणि ते चोखपण मला आजही टोचतं.

म्हणून ‘शेवटी माणूसच बटण दाबणार’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, त्या बटणाची अक्षरं किती दिवसांत झिजणार आहेत?

युद्धात हे घडून गेलं आहे. २३ मार्च २००३, इराकचं युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन दिवस. कामगिरीवरून परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान अमेरिकेच्या पेट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेला रडारवर आदळणारं क्षेपणास्त्र वाटलं. विमानाचा ‘मी आपलाच’ सांगणारा सिग्नल पोचत नव्हता. तिथे बटणापाशी माणसं होती. त्यांच्या हाती मिनिटभराचा वेळ होता आणि यंत्रावर विश्वास ठेवायचं प्रशिक्षण होतं. दोन्ही वैमानिक गेले. दहा दिवसांनी, २ एप्रिलला, पेट्रियटनेच अमेरिकेचं स्वतःचं एफ-१८ विमान पाडलं. माणूस साखळीत होता, पण नुसता कडी म्हणून.

याच्या उलट उदाहरण तू ऐकलं असशील. २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा दिला. पाठोपाठ आणखी, अशी एकूण पाच. ड्यूटीवर लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह होते. त्यांनी वरिष्ठांना कळवलं की हा इशारा खोटा आहे. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश यंत्रणेला क्षेपणास्त्रं वाटला होता. ही गोष्ट सहसा धैर्याची म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. पेत्रोव्ह स्वतः इंजिनिअर होते, यंत्रणा नवी आणि कच्ची आहे हे त्यांना माहीत होतं. जमिनीवरच्या रडारवर काहीच दिसत नव्हतं, म्हणजे पडताळायला दुसरी, वेगळी माहिती होती. हल्ला करायचाच तर कुणी पाचच क्षेपणास्त्रं का पाठवेल, असा प्रश्न त्यांना पडला, आणि तो पडायला त्यांच्याकडे थोडी मिनिटं होती. यातलं एक जरी नसतं तर धैर्य कुठवर पुरलं असतं, कुणास ठाऊक.

माणूस असला की सगळं ठीक, असंही मी म्हणत नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या व्हिन्सेन्स युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं मेली. त्या दिवशी नौकेवरची यंत्रणा बरोबर सांगत होती की विमान वर चढतंय. घाबरलेल्या माणसांनी ते खाली झेपावतंय असं वाचलं. यंत्राला भीती नसते, सूड नसतो, झोप नसते, म्हणून ते माणसाहून नियम जास्त पाळेल, असं मांडणारे गंभीर अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. पण त्यातून एवढंच निघतं की माणसाला चांगली माहिती देणारं, त्याला घाईत गोळी झाडण्यापासून अडवणारं यंत्र बनवावं. माणसाला बाजूला सारावं, हे त्यातून निघत नाही. व्हिन्सेन्सवर काय झालं हे निदान विचारता तरी आलं, कारण तिथे कप्तान होता. यंत्राने निर्णय घेतला तर कुणाला विचारणार? सेनाधिकारी म्हणेल, मी फक्त परिसर ठरवून दिला. कंपनी म्हणेल, चाचण्या पास झाल्या होत्या. तू म्हणशील, मी फक्त मॉडेल शिकवलं. तिघंही खरं बोलत असतील, आणि तो सर्व्हेअर मेलेला असेल.

तुझ्या आईचं म्हणणं मला सगळ्यात जड वाटतं. पोटच्या पोराला गोळीसमोरून मागे ओढायला निघालेल्या आईला नीतीचे धडे मी देणार नाही. तिला एवढंच सांग की हेच कारण पूर्वी भूसुरुंगांसाठीही दिलं जायचं. सुरुंग पेरले की पहाऱ्यावर पोरगा उभा करायला नको. सुरुंग हे एक प्रकारे स्वायत्त शस्त्रच आहे: पाय पडला की फुटायचं, पाय कुणाचा ते विचारायचं नाही. युद्ध संपून पोरं घरी गेली तरी सुरुंग पहाऱ्यावरच राहिले, आणि कित्येक वर्षांनी शेतात, रानात गेलेल्यांचे पाय घेत राहिले.

आणि दुसरी गोष्ट. असं यंत्र एकाच बाजूकडे राहत नाही. उद्या समोरच्याकडेही ते असेल आणि त्याच्या चौकटीत तुझा भाऊ असेल. भाऊ जखमी होऊन पडला, त्याने रायफल टाकून हात वर केले, तर त्या क्षणी समोर कुणीतरी माणूस असावा, ज्याला थांबता येईल, असं तुझ्या आईला वाटणार नाही का? तुमच्या घरात हा प्रश्न मी चर्चेसाठी म्हणून टाकत नाही. शांतपणे, तिच्या शेजारी बसून विचार.

‘आपण नाही बनवलं तर दुसरे बनवतील’ हे वाक्य तुझ्या पत्रात नाही, पण ऑफिसात नक्की ऐकू येत असणार. त्यात तथ्य आहे. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजू ड्रोनचा रेडिओ संपर्क जॅम करतात, त्यामुळे शेवटचा टप्पा यंत्रावर सोपवायची घाई दोन्हीकडे आहे. तरीही राष्ट्रांनी एखादं शस्त्र आधीच नाकारल्याची उदाहरणं आहेत. माणसाला कायमचं आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ साली बंदी आली, ती रणांगणावर रुळण्याआधीच. भूसुरुंगबंदीचा करार १९९७ चा, त्यात दीडशेहून अधिक देश आले. हेही लिहायला हवं की २०२५ मध्ये युरोपातल्या काही देशांनी त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. भीती वाढली की करार ढिले पडतात. स्वायत्त शस्त्रांवर जिनिव्हात २०१४ पासून बैठका चालू आहेत. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१ मध्ये स्पष्ट मागणी केली: माणसांना लक्ष्य करणारी स्वायत्त शस्त्रं बंद करा, ज्यांचं वागणं आधी सांगता येत नाही तीही बंद करा, बाकीच्यांवर कडक मर्यादा घाला. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावर चर्चा पुढे नेण्याच्या ठरावाला १६६ देशांनी पाठिंबा दिला, विरोधात तीनच होते. करार अजून झालेला नाही. तुला दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं आहे, तेव्हा त्याची वाट बघत बसता येणार नाही.

मला रेड क्रॉसची रेषा पटते. तुझ्यासाठीही मी तीच ओढेन. येणारं क्षेपणास्त्र, ड्रोन, रडार, सुरुंग शोधणारं काम असेल तर ते कर, आणि मन लावून कर. त्यात तुझ्या भावाचाही जीव वाचेल. सुरुंग हुडकायला तर तुझ्यासारखीच माणसं लागतात. पण माणसाच्या आकाराला लक्ष्य ठरवून, खऱ्या माणसाच्या खऱ्या निर्णयाशिवाय त्याच्यावर स्फोटकं सोडणारी यंत्रणा असेल, तर नाही म्हण.

तुमचं काम यातलं कोणतं, हे माहितीपत्रकावरून कळणार नाही. मॅनेजरला विचार, रेडिओ संपर्क तुटला की ड्रोन काय करतो? परत येतो, जागीच उतरतो, की शेवटच्या लाल चौकटीकडे जात राहतो? या एका उत्तरात सगळं कळेल. कारण संपर्क तुटल्यावरही जो पुढे जातो, त्याचं बटण फक्त शांततेच्या काळापुरतं आहे. मग विचार की बटणापाशी बसलेल्या माणसाला एका चौकटीसाठी किती सेकंद मिळणार, त्याला मूळ चित्र दिसणार की फक्त चौकट आणि आकडा, आणि दिवसात दहा वेळा ‘नाही’ म्हटलं तर त्याला कुणी जाब विचारणार का. चाचणीत ‘चुकीची लाल चौकट’ वेगळी मोजतात का, तेही बघ. उत्तरं लेखी माग. तोंडी आश्वासनांवर फार भिस्त ठेवू नकोस, लेखी धोरणंही बदलतात. २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या, तेव्हा कंपनीने ड्रोनच्या चित्रणाचं पृथक्करण करणारा अमेरिकी लष्कराचा करार पुढे न नेण्याचं ठरवलं आणि शस्त्रं बनवणार नाही असं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वाक्य त्यांच्या तत्त्वांमधून गेलं. सह्या फुकट गेल्या असं मी म्हणणार नाही, सात वर्षं त्या वाक्याने काहीतरी अडवलं असेल. पण तुझा निर्णय कंपनीच्या वाक्यावर टांगू नकोस.

एकटीने जाऊ नकोस. टीममध्ये ती क्लिप पाहून गप्प झालेलं आणखी कुणीतरी असेलच. ‘पुढच्या व्हर्जनमध्ये सुधारेल’ असं म्हणताना ज्याची नजर तुझ्याकडे नव्हती, त्याच्यापासून सुरुवात कर.

आणि नोकरी सोडणं लगेच परवडणार नसेल, तर त्याची लाज वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या विभागात बदली माग, बाहेर शोध सुरू कर, तोवर तुझ्या हाताखालून जाणारी प्रत्येक गोष्ट खरी लिही. मी त्या कारखान्यात झिजलेलं बटण डोळ्यांनी पाहिलं होतं. तपासणीच्या अहवालात मी लिहिलं, ‘इशारे व्यवस्थित कार्यरत’. तेही खोटं नव्हतं.

तुमच्या चाचणीच्या अहवालात ती ट्रायपॉडची क्लिप कुठे आहे? अपयश म्हणून तिची नोंद झाली आहे का, की ‘पुढे सुधारू’ म्हणून फोल्डरमध्ये पडून आहे? नसेल झाली तर उद्या सकाळी ती नोंद कर. तारीख घाल, फ्रेमचा क्रमांक घाल, ०.८७ हा आकडा घाल, खांद्यावर काय होतं ते साध्या शब्दांत लिही आणि खाली स्वतःचं नाव टाक. मग मॅनेजरकडे जा.